धरा त्याला

दादानं त्या मोटरसायकलवाल्याची कॉलर धरली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि आमचं तेरा किलोमीटर पळणं झालं होतं.

झालं होतं एवढंच, की पंचगंगेच्या पुलावर तो मागून आला आणि जाता जाता माझ्या कमरेवर चापटी मारून पुढं गेला. वर हसला. मी त्याला आईवरून शिवी घातली. दादा तेवढ्यापुरता माझ्या पुढं पन्नासेक पावलं गेला होता, त्याला त्या शिवीवरूनच काय ते कळलं. पुलाच्या टोकाला नेमक्या म्हशी आडव्या आल्या आणि त्या माणसाला गाडी थांबवावी लागली.

दादानं त्याला गाडीवरून ओढून खाली घेतलं. गाडी आडवी झाली, चाक फिरत राहिलं. पहिली चपराक बसली तेव्हा तो "ओ, ओ" करत होता. दुसरी बुक्की तोंडावर बसली आणि ओठ फाटून रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं. मग त्यानं हात जोडले. चुकलं म्हणाला. दादा म्हणाला, "मला न्हवं, तिला म्हण." तो माझ्याकडं बघून "ताई, चुकलं" म्हणाला, तरी दादानं त्याच्या पोटात आणखी एक ठेवून दिली.

"बहिणीच्या अंगाला हात लावतोस व्हय?"

मी "पुरे" म्हणाले, पण जोर लावून नाही म्हणाले. आमच्या घरात हात सगळ्यांचाच लवकर सुटतो आणि माझाही त्याला अपवाद नाही. तो माणूस कठड्याला टेकून ओकत होता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. दादानं घाटावरच्या नळावर हात धुतला, सोललेल्या बोटांवर फुंकर मारली आणि आम्ही पुन्हा पळायला लागलो.

ती आमची फेरी होती. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी रंकाळ्याच्या टॉवरपाशी सहाला जमायचं आणि अख्ख्या कोल्हापूरला वळसा घालून चोपन्न किलोमीटर पळून परत तिथंच यायचं. फी नाही, छातीवर नंबर नाही, मेडल नाही, वाटेत केळी घेऊन उभी राहणारी माणसं नाहीत. दादानं आणि त्याच्या कारखान्यातल्या दोन लेथवाल्यांनी ती हौसेनं सुरू केली होती. त्या वर्षी आम्ही अकरा जण होतो आणि त्यात बाई मी एकटी.

निघताना दादा कट्ट्यावर चढून दोनच शब्दांचं भाषण करायचा. "ज्याचं त्यानं." म्हणजे पाणी ज्याचं त्यानं आणायचं, नाहीतर वाटेत मागून प्यायचं. पाय ज्याचे त्यानं ओढायचे. कुणी कुणाला उचलायचं नाही, कुणी कुणासाठी थांबायचं नाही. त्या वर्षी दादा आणि मी मात्र जोडीनं पळत होतो, कारण मला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं आणि दादा गाड्यांच्या बाजूला राहायचा. त्याला कुणी हरकत घेतली नव्हती.

दुसरा एक रिवाज होता, तो आम्हा दोघांच्या लहानपणातून फेरीत आला होता. लहान असताना दादा माझं काहीतरी घेऊन पळायचा. रिबन, पेरू, पाटीवरची पेन्सिल, जे हाताला लागेल ते. मी मागून "धरा त्याला, धरा!" म्हणून बोंब ठोकायची आणि गल्लीतली माणसं हातातली कामं टाकून त्याला धरायचं सोंग करायची. तो कधीच कुणाला सापडला नाही. फेरीत कुणी पुढं सटकलं की मागचे सगळे तसंच ओरडायचे, "धरा त्याला!" पुढच्यानं नुसता हात वर करायचा आणि पळत राहायचं. मागं वळून बघायचं नाही. जो वळून बघेल त्यानं शेवटी सगळ्यांना भजी खायला घालायची. इतक्या वर्षांत दादानं एकदाही भजी घातली नव्हती.

माझ्या कानाचं सांगायला हवं. मला निपाणीच्या बाजूच्या एका गावात दिली होती. नवरा, सयाजीराव, हायस्कुलात गणित शिकवायचे. गावात मान होता, आवाज कधी चढायचा नाही. मारायचे तेही आवाज न चढवता. पाच वर्षांत काय काय झालं त्याची यादी देत नाही. शेवटच्या वेळी त्यांनी उघड्या तळव्यानं कानावर मारली आणि पडदा फाटला. मी फोन केल्यावर दादाच मला गाडीवरून घेऊन आला होता. त्याला सात महिने झाले होते. सात महिने रोज पहाटे तो मला उठवायचा, आम्ही कळंब्याच्या तलावापर्यंत पळून यायचो, आणि मला हळूहळू वाटायला लागलं होतं की आता मी इथलीच. परत जावं लागणार नाही. घरात तसं कुणी बोललं नव्हतं, पण नाही असंही कुणी म्हणालं नव्हतं.

टेंबलाईची टेकडी उतरलो तेव्हा साडेदहा झाले होते. छत्तीस किलोमीटर संपले होते, बाकीचे मागं-पुढं पांगले होते. पायथ्याला एका उंबराखाली आम्ही दोन मिनिटं टेकलो. मी कमरेचं लाल पाकीट सोडून मांडीवर घेतलं. त्यात फोन, मिठाची पुडी आणि शेंगदाण्याचे दोन लाडू होते. एक लाडू मी दादासमोर धरला. फेरीत तेवढंही चालत नाही, तरी धरला. त्यानं घेतला नाही. तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. एकदा बांधली, सोडली, परत बांधली.

"वैजू, उद्या सयाजीराव येणार हाईत," तो नाडीकडं बघत म्हणाला.

"कशाला?"

"न्यायला."

मला वाटलं, उजव्या कानानंही चुकीचं ऐकलं. मग तो भराभर सांगत सुटला. गुरुवारी माझे सासरे कारखान्यात आले होते. सगळ्या कामगारांसमोर त्यांनी डोक्याची टोपी काढून दादाच्या पायावर ठेवली. पुन्हा हात उचलणार नाही म्हणून सयाजीरावांनी देवापुढं शपथ घेतली होती. एवढा मोठा माणूस पायाशी वाकल्यावर दादा काय बोलणार? तो हो म्हणाला होता, वारही त्यानंच ठरवला होता. आईला माहीत होतं. वहिनीनं उद्याच्या पोळ्यांसाठी हरभऱ्याची डाळ आणून ठेवली होती. काल संध्याकाळी ती डाळ मीच निवडली होती आणि कशासाठी म्हणून विचारलंही नव्हतं.

"मला इचारलंस?" मी म्हणाले.

"इचारलं असतं तर तू न्हाईच म्हणली असतीस."

"कान फुटलाय माझा, दादा."

"झालं ते झालं. चूक कबूल केली त्यांनी. संसारात थोडं सोसाय लागतंय, वैजू." आणि मग तो ते बोलला. "आम्ही तरी किती पुरणार? शेवटाला ज्याचं त्यानं."

सकाळी पुलावर एका अनोळखी माणसानं चापटी मारली म्हणून यानं त्याचं तोंड फोडलं होतं. मला ते बोलायचं होतं. पण मी नुसता तो लाडू परत पाकिटात कोंबला. दादानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला काय सुचावं? त्यानं मांडीवरचं पाकीट झपकन उचललं, लहानपणी हसायचा तसा हसला, "धर बघू," म्हणाला आणि पळाला.

मला हसवायला केलं त्यानं ते. तेव्हाही मला ते कळत होतं, आणि म्हणूनच जास्त संताप आला.

रस्ता तिथून खाली एका बाजारात उतरतो. त्या चौकाचं नाव मी सांगत नाही, तिथली माणसं आजही मला ताई म्हणतात. रविवारचा आठवडी बाजार होता. दोन्ही बाजूंना भाजीवाले, मधे जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी वाट. दादा हातात लाल पाकीट उंच धरून पाट्या चुकवत चालला होता आणि मी वीस पावलं मागं. केस सुटलेले, तोंड लाल झालेलं. सगळा जोर लावून मी ओरडले.

"धरा त्याला! धरा!"

दादानं हात वर करायला हवा होता. त्यानं तो केला नाही. तो थांबला. भर रस्त्यात थांबला आणि वळून त्यानं माझ्याकडं बघितलं. जन्मात जे केलं नव्हतं ते त्यानं त्या दिवशी केलं. पायात गोळा आला असणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात शहाळेवाल्यानं त्याच्या कानाखाली मारली.

पुढचं मी कितीही वेळा आठवलं तरी तसंच दिसतं. बंडी घातलेला तो आडदांड शहाळेवाला. त्या फटक्यापाठोपाठ खाली पडलेलं पाकीट. दादाचा वर गेलेला हात, म्हणजे थांबा म्हणायला गेलेला, आणि तो हात मागून दुसऱ्यानंच पिरगाळलेला. मग बटाट्याच्या ढिगामागून दोघं आले, चहाच्या गाड्यावरचे तिघं-चौघं आले. एकानं तराजूतलं दोन किलोचं माप उचललं होतं. ते तोंडावर बसलं तेव्हा जो आवाज आला तो मला वीस पावलांवर, एका कानानं, स्पष्ट ऐकू आला. दादा गुडघ्यावर आला. तो म्हणत होता, "थांबा. थांबा हो. ऐका." प्रत्येक शब्दाला एक लाथ बसत होती.

मी उभी होते. पुढं पोलिसांना मी सांगितलं की दम लागला होता, पाय उचलत नव्हते. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

एक वयस्क माणूस गर्दीतून माझ्याकडं आला. त्याच्या हातात माझं लाल पाकीट होतं. त्यानं ते धोतराला पुसलं आणि दोन्ही हातांनी मला दिलं. "ताई, उघडून बघा, सगळं जाग्यावर हाय न्हवं?" पाठोपाठ एक जवान पोरगा आला, त्यानं पायातली चप्पल काढून माझ्या हातात दिली आणि गर्दीला म्हणाला, बाजूला व्हा, ताईंना मारू द्या. आणि गर्दी खरंच बाजूला झाली. माझ्यासाठी वाट करून दिली. वाटेच्या शेवटी दादा पडला होता. त्याचा जबडा एका बाजूला सरकलेला होता आणि एक डोळा दिसतच नव्हता.

त्याच चपलेनं मी त्या पोराच्या तोंडावर मारलं. मग जो समोर येईल त्याला मारत सुटले. कुणाच्या तरी मनगटाला चावले, तोंडात रक्ताची चव आली. मी ओरडत होते, "सोडा त्याला. भाऊ हाय माझा. भाऊ हाय."

आमच्याकडं रिक्षावाला भाऊ, भाजीवाला भाऊ, रस्त्यात धक्का मारून जाणाराही भाऊच. शहाळेवाल्यानं मला खांद्याला धरून मागं सारलं आणि समजूत घालत म्हणाला, "असल्याला भाऊ म्हणू नका, ताई. तुमची मया आड येतीया. आमी बघतो." आणि त्यानं कोयत्याची बोथट बाजू दादाच्या उजव्या गुडघ्यावर घातली.

दादा ओरडला नाही. त्या जबड्यानं त्याला ओरडता येत नव्हतं.

मी त्याच्या अंगावर पडले. पालथी, पूर्ण अंगानं, त्याचं डोकं माझ्या छातीखाली घेऊन. दोन लाथा माझ्या बरगडीत बसल्या, एक काठी पाठीवर आणि एक डोक्यात. डोक्यातून ऊन ऊन काहीतरी कपाळावर उतरलं. माझ्याखाली दादा अजूनही "थांबा" म्हणत होता, पण आता तो शब्दासारखा राहिला नव्हता. मग कुणीतरी म्हणालं, "आरं, बाईला लागलं," आणि सगळे हात एकदम थांबले.

बाईला लागलं म्हणून थांबले, हे मी अजून विसरले नाही.

मी तशीच पडून सांगितलं की हा जयसिंग चौगुले, माझा सख्खा भाऊ, एका आईच्या पोटचा, आणि आम्ही पळायच्या फेरीत होतो. कुणाला काही समजलं नाही. पळायची फेरी म्हणजे काय, तेच एकजण विचारत होता. पण सख्खा या शब्दाला माणसं मागं हटली. पाच मिनिटांत चौक रिकामा झाला. ढीग तसेच, माणसं गायब. उरला तो एकटा शहाळेवाला. त्याचं नाव तातोबा. कोयता टाकून तो खाली बसला होता आणि लहान मुलासारखा हुंदके देत होता. दादाला त्यानंच उचलून रिक्षात घातलं, आणि दवाखान्यापर्यंत त्याचा मोडका पाय त्यानंच मांडीवर सरळ धरला.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी वरचे खालचे दात तारेनं बांधून टाकले. गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले होते, ती जोडली, पण पाय आता वाकणार नाही म्हणाले. डोळा वाचला. माझ्या डोक्याला सात टाके पडले. पोलीस आले तेव्हा त्यांनी विचारलं की सुरुवात कशी झाली, आधी कोण ओरडलं. मी म्हणाले, गर्दीतलं कुणीतरी ओरडलं. त्यांनी दादाकडं बघितलं. दादानं एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. त्याचा अर्थ हो असाही होता आणि नाही असाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सयाजीराव ठरल्याप्रमाणे आले. आधी घरी गेले, तिथून दवाखान्यात. बरोबर सासरे आणि माझ्या ओटीचा नारळ. दादाच्या उशाशी उभं राहून त्यांनी हळहळ व्यक्त केली, त्या गुंडांची नावं काढा, आपली वर ओळख आहे, म्हणाले. सगळं त्याच हळू आवाजात. मग घड्याळ बघून मला म्हणाले, "आवर. खाली गाडी थांबवलीय."

आई दाराशी होती. तिनं माझ्या डोक्यावरच्या पट्टीकडं बघितलं आणि मान खाली घातली. वहिनी म्हणाली, निदान टाके निघेपर्यंत तरी राहू दे. सयाजीराव म्हणाले, टाके आमच्याकडंही निघतात. आणि त्यांनी माझा दंड धरला. बाहेरून बघणाऱ्याला ते धरणं साधं दिसलं असतं. अंगठा कुठं रुतवायचा ते त्यांना माहीत होतं.

दादानं हातानं खूण करून पेन मागितला. वहिनीनं एक्स-रेचं पाकीट त्याच्या पोटावर धरलं. त्यानं वाकड्या अक्षरात लिहिलं, ती येणार नाही.

सासऱ्यांनी ते मोठ्यानं वाचलं. सयाजीराव हसले. "माराचा परिणाम आहे," म्हणाले, "गोळ्यांच्या गुंगीत आहेत," आणि मला दाराकडं ओढलं.

पलंगाजवळ सलाईनची लोखंडी दांडी उभी होती. दादानं ती बसल्या जागेवरून दोन्ही हातांनी उचलली आणि फिरवली. बाटली भिंतीवर फुटली, हातातली सुई निघून रक्ताची चिळकांडी चादरीवर उडाली, आणि दांडी सयाजीरावांच्या खांद्यावर बसली. दंड सुटला. दादा पलंगावरून खाली कोसळला तो त्याच गुडघ्यावर. बांधलेल्या दातांमागून असा काही आवाज आला की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. तरी तो फरशीवरून सरपटत दारापर्यंत गेला आणि माझ्या आणि त्यांच्या मधे, उंबऱ्याला आडवा पडून राहिला. ओलांडून जायचं तर मला त्याच्या अंगावरून न्यावं लागलं असतं. सयाजीराव खांदा धरून खालच्या आवाजात म्हणाले की या घराशी पुन्हा संबंध नको. ते एवढं एक वाक्य त्यांनी खरं केलं. दोन वर्षांनी काडीमोड झाला.

घरात सगळ्यांनी याचा एकच अर्थ लावला. स्वतःला मार बसल्यावर जयसिंगला कळलं, असं आई म्हणायची. थांबा थांबा म्हणत असताना कुणी थांबत नाही म्हणजे काय, हे त्याला बाजारात कळलं. मीही तेच धरून चालले. त्यात माझी सोय होती. माझ्या ओरडण्यामुळं जे झालं त्यातून निदान काही बरं निघालं, असं त्यात म्हणता येत होतं.

तातोबा महिनाभर रोज दवाखान्यात येत होता. दादाला फक्त नळीनं प्यायला चालायचं. ज्यानं पाय मोडला त्यानंच फोडून आणलेल्या शहाळ्याचं पाणी दादा नळीनं ओढत पडायचा, आणि दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. मी आता एका शाळेत मुलींना खेळ शिकवते. फेरी चालू आहे, अजून फुकट, अजून बिनानंबराची. या जानेवारीत साठाच्या वर माणसं होती, त्यात चौदा बायका. दादा निघताना कट्ट्यावर चढत नाही. खालूनच, काठीवर रेलून, "निघा" एवढंच म्हणतो. ज्याचं त्यानं हे त्यानं पुन्हा कधी म्हटलं नाही, आणि "धरा त्याला" फेरीत कुणी ओरडत नाही. नवीन कुणाला त्यातलं काही माहीतही नाही. आम्हाला रवाना केलं की दादा रिक्षानं त्या चौकात जातो आणि तातोबाच्या गाड्याशेजारी खोक्यावर बसतो. शेवटचा माणूस जाईपर्यंत उठत नाही.

दर वर्षी मी त्याच्यासमोरून पळत जाते. या वर्षी थांबले. का थांबले ते सांगता येत नाही. मुलींना शिकवताना रोज ओरडावं लागतं, पळा, धरा, आणि दर वेळी तो "धरा" जिभेवर येऊन अडतो. नऊ वर्षं अडला होता.

"थांबलीस का? पळ की," दादा म्हणाला.

मी त्याच्या समोर उकिडवी बसले. तातोबानं आमच्याकडं बघितलं आणि उगाच गाड्याच्या मागच्या बाजूला गेला.

"दादा, त्या दिवशी मी चेष्टेनं वरडले न्हवते."

त्यानं मांडीवरची काठी उतरवून जमिनीला टेकवली.

"आणि मला दम लागला न्हवता. मी नुसती हुबी हुते. त्यांनी तुला पहिली मारली तवा मला बरं वाटलं. दुसरी मारली तवापण वाटलं. पाकीट हातात येईपर्यंत मी बघत हुते."

हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगताना आपण रडू असं मला नेहमी वाटायचं, पण रडू आलं नाही. दादा काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिला. त्याचा जबडा अजून थोडा डावीकडं आहे, त्यामुळं तो गप्प असला तरी काहीतरी चावत असल्यासारखा दिसतो.

"वाटणारच की," तो म्हणाला.

मग काठी थांबवून म्हणाला, "तुला काय वाटतंय, मी का थांबलो हुतो?"

"पायात गोळा आला हुता न्हवं?"

"गोळा कसला? त्या बाजारात मला धरणारा कोण हुता? तातोबा? आजपण काठी टाकून पळालो तर त्याला घावायचो न्हाई." तो जरासा हसला आणि लगेच थांबला. "वैजू, तुझं ते वरडणं मी लहानपणापासनं ऐकत आलोय. त्या दिवशी आवाज निराळाच आला. माझ्या अंगावर काटाच आला. मला वाटलं, सयाजी उद्याच्याऐवजी आजच आला, मागनं येऊन तुला धरली, म्हणून तू लोकांना वरडतीयास. त्याला धरा म्हणून. म्हणून वळलो मी."

मी उजवा कान त्याच्याकडं वळवला.

"वळून बघितलं तर तुझ्या मागं कोण न्हवतं," दादा म्हणाला. "तू वरडत हुतीस आणि तुझ्या म्होरं मी एकटाच हुतो. तवाच कळलं मला. मार त्याच्यानंतर बसला."

रस्त्यावरून फेरीतल्या दोन मुली आम्हाला हात करून गेल्या. दादानं काठी माझ्या पायाला टोचली. "ऊठ आता. पाय आखडतील. अजून सतरा हायत."

मी उठले आणि पळायला लागले. बाजार तसाच होता, पाट्या चुकवत जावं लागत होतं. मी उजवा कान मागं लावून होते. तो ओरडणार नाही हे मला माहीत होतं, आणि तो ओरडला नाही. चौक संपायच्या आधी मी मागं न बघता हात वर केला.